पहिला पोपट घरी आणताय? पिंजऱ्यापासून भाजीच्या वाटीपर्यंत सगळं

पोपट घरी येतो आणि दुसऱ्याच दिवशी घरातले सगळे त्याच्यासमोर काहीतरी धरून उभे, कोणाच्या हातात सफरचंदाची फोड, कोणाच्या हातात गाजर, आणि तो बिचारा मागच्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला. मग दोन दिवसांनी तक्रार सुरू होते की हा फक्त बियाच खातो, बाकी कशाला चोच लावत नाही, भारी हट्टी आहे. हट्टी वगैरे काही नसतो हो तो. समोर धरलेलं ते नारिंगी काहीतरी खायची गोष्ट आहे हेच त्याला माहीत नसतं. पोपटाची पिल्लं काय खायचं ते मोठ्या पक्ष्यांकडे बघून शिकतात, आणि ज्याने त्या वयात फक्त बियांची वाटी बघितली त्याच्यासाठी जेवण म्हणजे बी, गाजर म्हणजे संशयास्पद वस्तू. हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण खाणं बदलायच्या बहुतेक युक्त्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आणण्याआधी: कोणता पोपट, आणि किती वर्षांसाठी

जगात पोपटांच्या साधारण ४०० जाती आहेत आणि "पोपट पाळायचाय" या एका वाक्यात ३५ ग्रॅमचा बजी (बजरीगार, छोटा रंगीत पोपट) पण येतो आणि किलोभर वजनाचा मकाऊ पण. बजी साधारण ५ ते १० वर्षं जगतो, कॉकाटिएल (डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट) नीट सांभाळला तर १५-२० वर्षं, आणि आफ्रिकन ग्रे (करड्या रंगाचा मोठा पोपट) ४० ते ६० वर्षं, म्हणजे चाळिशीत ग्रे आणला तर तो तुमच्या मागे कोणाकडे राहणार हा प्रश्न आजच विचारायला हवा. मोठे पोपट सकाळ-संध्याकाळ ओरडतात, ती त्यांची सवय नाही, स्वभाव आहे, ट्रेनिंगने थोडं कमी होईल पण बंद होणार नाही. पहिल्यांदा पाळताय तर माझं स्पष्ट मत बजी किंवा कॉकाटिएल. लहान आहेत म्हणून कमी हुशार असं अजिबात नाही.

कायद्याचं पण बघून घ्या. पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स नावाचा करार आहे, १९७५ पासून लागू, आणि बजी, कॉकाटिएल असे मोजके अपवाद सोडले तर जवळजवळ सगळे पोपट त्याच्या यादीत येतात. आफ्रिकन ग्रे तर २०१६ च्या निर्णयाने सगळ्यात कडक यादीत गेला, कारण जंगलातून पकडून पकडून त्याची वाट लावली होती. शिवाय प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा वेगळा, बऱ्याच ठिकाणी तिथला जंगली पोपट पाळणं हाच गुन्हा असतो. तेव्हा आधी आपल्याकडचा नियम वाचा, आणि पक्षी बंदिस्त पैदाशीचाच आहे याचे कागद मागा.

"आम्ही हाताने भरवून मोठं केलं की जास्त प्रेम लावतो" असं सांगून अजून भरवावं लागणारं पिल्लू कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. भरवण्याचं पातळ खाणं थोडं जास्त गरम असलं तर पिल्लाची अन्नाची पिशवी आतून भाजते, चुकीच्या नळीत गेलं तर फुप्फुसात जातं. स्वतःचं स्वतः खाणारा पक्षीच घ्या. प्रेम नंतर पण लागतं, अगदी दुसऱ्या घरात वाढलेल्या मोठ्या पक्ष्याला पण.

आणि देणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: हा आत्ता नेमकं काय खातो, किती वाजता, कशात? फोटो काढून घ्या त्या वाटीचा. जमलं तर तेच खाणं दोन-तीन आठवडे पुरेल एवढं सोबत आणा, ते कितीही वाईट असलं तरी.

पिंजरा आधी, पक्षी नंतर

पक्षी आणायच्या आधी पिंजरा लावून तयार असला पाहिजे. दोन्ही पंख पूर्ण उघडून फडफडवता आले पाहिजेत, ही कमीत कमी अट. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो, लिफ्टसारखा वर-खाली जात नाही. गोल पिंजरे दिसायला छान, पण पक्ष्याला टेकायला कोपरा मिळत नाही, नकोच. दोन गजांमधलं अंतर बजीसाठी साधारण १२ मिलिमीटर, कॉकाटिएलला १५ पर्यंत चालतं, ग्रे किंवा ॲमेझॉन जातीच्या पोपटासाठी २ ते अडीच सेंटिमीटर. यापेक्षा जास्त असलं तर डोकं अडकतं आणि ते फार वाईट प्रकरण असतं. गंजलेला किंवा जस्ताचा मुलामा निघत असलेला जुना पिंजरा फुकट मिळाला तरी घेऊ नका, पोपट गज चावतच बसतो आणि जस्त आणि शिसं दोन्ही त्याला विष आहेत.

पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत एकसारख्या दांड्या काढून टाका, निदान एक सोडून बाकीच्या. दिवसभर एकाच जाडीवर उभं राहून तळपायाला फोड येतात. औषध न मारलेल्या सुरक्षित झाडांच्या वेड्यावाकड्या फांद्या, कुठे जाड कुठे बारीक, बेस्ट. सँडपेपर गुंडाळलेल्या दांड्या नखं घासायला म्हणून विकतात, त्यांनी नखं काही घासली जात नाहीत, पाय सोलतात. तळाशी साधा कागद, रोज बदलायचा. भुसा वगैरे नको, कारण शी बघायची असते रोज (का ते पुढे सांगते).

पिंजरा ठेवायचा कुठे, तर जिथे घरातले लोक बसतात तिथे, एक बाजू भिंतीला टेकलेली, थेट उन्हात नाही, थेट पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात नाही. स्वयंपाकघरात तर अजिबातच नाही. नॉनस्टिक भांडं रिकामं जास्त तापलं की त्याच्या कोटिंगमधून जो वायू निघतो तो माणसाला जाणवत पण नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात आणि हवा आतून एकाच दिशेने वाहत राहते, उडायला लागणारा ऑक्सिजन मिळावा म्हणून बनलेली ही जबरदस्त व्यवस्था, पण तीच विषारी हवा पण तेवढ्याच जोरात आत ओढते. असं कोटिंग काही इस्त्र्यांना आणि हीटरना पण असतं. सुगंधी मेणबत्त्या, रूम फ्रेशनर, सिगरेट, हे सगळं पक्षी आला की घराबाहेर. खूप लोकांना हे जास्तीचं वाटतं, नाहीये.

पहिला आठवडा: काही करू नका

हा भाग लोकांना जमत नाही. खाणं आधीचंच द्यायचं, तेच दाणे तशाच वाटीत, एकही नवीन प्रयोग नाही. नवी जागा, नवे आवाज, नवे चेहरे, एवढं सगळं बदललेलं असताना ओळखीची एक वाटी हाच त्याचा आधार असतो आणि तीच तुम्ही हेल्दी डाएटच्या नावाखाली काढून घेतली तर तो उपाशी राहील. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही असं वाटलं तर तुम्ही खोलीतून बाहेर जा आणि लांबून बघा, बरेचदा माणूस हलला की वाटीकडे येतो.

रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते, टीव्ही चालू असलेल्या खोलीत ते होत नाही. कॉकाटिएल असेल तर मात्र अगदी काळोख नको, हा पक्षी रात्री दचकून पिंजऱ्यात आदळआपट करण्यासाठी प्रसिद्ध आहे, बारीक नाइट लॅम्प ठेवा.

तुम्ही फक्त जवळ बसा, पुस्तक वाचा, फोनवर हळू बोला, आणि हो, त्याला दिसेल असं काहीतरी खा. चोचीचे वरचे-खालचे भाग हळू आवाजात एकमेकांवर घासतोय, एक पाय पोटात घेतलाय, पिसं जरा सैल आहेत, म्हणजे निवांत आहे. अंग बारीक करून ताठ उभा, डोळे मोठे, म्हणजे घाबरलाय, दोन पावलं मागे व्हा. कॉकाटिएलचा तुरा तर सगळंच सांगून टाकतो, डोक्याला चपटा चिकटवून फुत्कारला तर हात मागे. हात पिंजऱ्यात घालून पकडायचं नाही, कधीच. आधी गजांमधून राळ्याच्या कणसाचा तुकडा, मग उघड्या दारात, मग हातावर, ज्या टप्प्यावर तो अडतो तिथेच थांबायचं आणि उद्या परत. कोणाला तीन दिवस लागतात, कोणाला तीन महिने.

याच आठवड्यात पक्ष्यांचं कळणाऱ्या व्हेटकडे एकदा दाखवून आणा, कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर प्रत्येक वेळी पुरत नाही. घरात आधीच दुसरा पक्षी असेल तर नवा निदान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत, आणि जुन्याचं आधी करून मग नव्याचं, हात धुऊन. पोपटांकडून माणसाला होणारा एक आजार पण आहे, सिट्टॅकोसिस, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो, आणि ताप-खोकल्यासारखा दिसतो, म्हणून पक्षी आल्यावर घरात कोणी तसं आजारी पडलं तर डॉक्टरांना "घरात पोपट आहे" हे आपणहून सांगा.

वजनकाटा आणा, खरंच

पिंजरा, खेळणी, सगळं घेतात लोक आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल किचन काटा घेत नाहीत, आणि माझ्या मते पिंजऱ्यानंतर सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. ३५ ग्रॅमच्या बजीचं साडेतीन ग्रॅम वजन उतरलं म्हणजे दहा टक्के गेलं, आणि पिसांमुळे वरून काहीच दिसत नाही, तसाच गोलमटोल दिसतो. पोपट आजार लपवतात, कारण जंगलात जो आजारी दिसतो त्याच्यावरच शिकारी झडप घालतो, त्यामुळे तो तुम्हाला आजारी "दिसेल" तेव्हा बरंच बिघडलेलं असतं. काटा आधी सांगतो.

काट्यावर एक छोटी दांडी ठेवा, शून्य करा, तिच्यावर चढला की लाडका दाणा द्या, दोन-चार दिवसांत स्वतःहून चढायला लागतो. सकाळी, रात्रभरची पहिली मोठी शी झाल्यावर आणि काही खायच्या आधी, रोज त्याच वेळेला, आणि वहीत लिहा. एखाद-दोन ग्रॅमची चढउतार होते रोज, ती सोडा. नेहमीच्या वजनाच्या दहा टक्क्यांनी खाली आला तर प्रयोग बंद आणि व्हेट.

आता शी. पोपटाच्या शीत तीन गोष्टी असतात: हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग, आणि थोडं पाणी. भाजी-फळं खाल्ली की पाणी वाढतं, बीट खाल्लं तर लाल होते, रंगीत पेलेट (पोषण घालून बनवलेल्या तयार खाण्याच्या गोळ्या) खाल्ले की तो रंग येतो, घाबरू नका. पण संख्या एकदम कमी झाली, किंवा घट्ट भाग गायब होऊन नुसतं काळपट हिरवं थोडंसं आणि पांढरं दिसायला लागलं, तर पोटात खाणं जात नाहीये, मग वाटी कितीही विस्कटलेली दिसू दे.

नुसत्या बियांनी होतं काय

बी वाईट नाही, फक्त बी वाईट आहे. सूर्यफुलाच्या दाण्यात जवळजवळ अर्धी चरबी असते आणि सगळ्याच बियांमध्ये अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अगदी कमी. जंगलातले बजी पण गवताच्या बियाच खातात, पण ते त्यासाठी मैलोन् मैल उडतात आणि बरेचदा बी अर्धी हिरवी, कच्ची असते. तुमचा बजी वाटीपासून पाण्यापर्यंत दोन उड्या मारतो. मग लिव्हरमध्ये चरबी साठते, अ जीवनसत्त्व कमी पडून नाक-तोंडाच्या आतलं अस्तर खराब होतं आणि इन्फेक्शन वारंवार होतात, मादीचं अंडं अडकतं, ग्रेला कॅल्शियम कमी पडून झटके येतात, बजीला आयोडीन कमी पडून गळ्यात गाठ वाढते. आणि हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू होतं, म्हणून "आमच्याकडे तर बियाच खातो, मस्त आहे" हे वाक्य इतकं ऐकू येतं.

दहा प्रकारच्या बियांचं महागडं मिश्रण आणून काही होत नाही, कारण तो त्यातले दोन प्रकार निवडून खातो आणि बाकी खाली फेकतो. पाण्यात घालायचे व्हिटॅमिनचे थेंब पण नकोत, पाण्याची चव बदलते आणि जंतू लवकर वाढतात. वाळू-खडे पण लागत नाहीत, पोपट बी सोलून खातो.

मग खायला हवं काय? मोठ्या पोपटांसाठी बरेच व्हेट अर्ध्याहून जास्त पेलेट, मग भरपूर भाज्या, थोडं फळ आणि बिया-सुकामेवा अगदी बक्षिसापुरता असं सांगतात. बजी-कॉकाटिएल मुळातच बिया खाणारे, त्यांच्यात बियांचा वाटा थोडा जास्त राहिला तरी चालतो. लोरी जातीचे पोपट मकरंद खातात, एक्लेक्टस जातीचं पण वेगळं असतं, ते असतील तर हे प्रमाण लावू नका. एकूणच टक्क्यांवरून लोक फार भांडतात, बी सोडून दुसरं काहीतरी रोज पोटात जातंय का हे आधी बघा, टक्के नंतर.

खाणं बदलायचं कसं

कधी सुरू करायचं? तो तुमच्यासमोर बिनधास्त खातो, वजन आठवडाभर स्थिर आहे, व्हेटने तपासलंय, आजारी नाही, जोरात पिसं गळत नाहीयेत, तेव्हा. आणि एक गोष्ट कोणीही कितीही ठासून सांगितली तरी करायची नाही: "उपाशी ठेव, भूक लागली की झक मारत खाईल." खाणार नाही. त्याला ते अन्न वाटतच नाही, मग भूक लागून काय उपयोग, आणि छोटा पक्षी एक-दोन दिवस पोट रिकामं राहिलं तरी जाऊ शकतो.

पहिलं काम वाटी दिवसभर भरलेली ठेवणं बंद करा, पण उपाशी ठेवून नाही, वेळा ठरवून. रात्री बियांची वाटी काढून घ्यायची. सकाळी, भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा, आधी भाजीची थाळी, तास-दीड तास. मग बियांची वाटी, नेहमीच्या प्रमाणात. संध्याकाळी परत बिया. भाजीला हात नाही लावला तरी बिया मिळतातच. काही दिवस तो भाजीकडे बघणार पण नाही, ठीक आहे, रोज तिथे आहे, चावत नाही, त्यातून काही वाईट होत नाही, एवढं त्याला कळलं तरी काम झालं. दहा-पंधरा वेळा समोर येऊन गेल्याशिवाय "याला हे आवडत नाही" असं म्हणायचंच नाही.

भाजी कोणत्या रूपात द्यायची हे प्रत्येकाचं वेगळं. अगदी बारीक चिरून, बियांच्या आकाराची करून, वरून चमचाभर बिया भुरभुरवल्या की बी शोधताना चोचीला भाजी लागते, काहींचं तिथेच जमतं. काहींना बारीक चिरलेलं बघून काहीच वाटत नाही पण गाजर सळईला आडवं लटकवलं की कुरतडायला धावतात. बजीला पाणी शिंपडलेलं मोठं हिरवं पान गजाला अडकवून द्या, त्यात आधी अंघोळ करतो आणि मग अंघोळ करता करता चावतो. कच्चं नको तर किंचित वाफवलेलं कोमट द्या. मोड आणलेल्या बिया हा मधला पूल म्हणून फार छान, वास-आकार ओळखीचा आणि आत ओलसर हिरवं काहीतरी, फक्त दिवसातून दोन-तीनदा धुवा आणि आंबूस वास आला की फेकून द्या. कोणतंही ओलं खाणं दोन-चार तासांनी उचलायचं, गरमीत त्याआधीच.

सगळ्यात चालणारी युक्ती मात्र फुकट आहे, त्याच्यासमोर बसून तेच खा. नाटक करून खा, आवाज करत, "वा" म्हणत, आणि त्याला लगेच देऊ नका. पोपट कळपात राहणारा प्राणी, कळप खातो ते सुरक्षित. दोन-तीनदा असं झालं की मान लांब करून बघायला लागतो, मग एक तुकडा बाजूला ठेवायचा आणि आपण दुसरीकडे बघायचं. आमचा कॉकाटिएल आजही माझ्या ताटातली ब्रोकोली चोरतो आणि स्वतःच्या वाटीतली तीच ब्रोकोली सोडून देतो, काय करणार. तुमच्या तोंडातलं मात्र देऊ नका, आपल्या थुंकीतले जंतू त्याला झेपत नाहीत.

भाजी लागली, किंवा लागत नाहीये म्हणून त्याआधीच, पेलेट. साधे, रंग नसलेले, त्याच्या चोचीच्या मापाचे. आधी भुकटी करून ओलसर बियांवर चोळा, चवीची ओळख होऊ दे. मग नेहमीच्या बियांत दहातला एक भाग पेलेट, काही दिवस स्थिर, मग दहातले दोन, असं, आणि वजन उतरलं की एक पायरी मागे. काही पक्षी वाटीतल्या पेलेटकडे बघत नाहीत पण टेबलावर विखुरले आणि तुम्ही बोटाने टकटक करत टिपल्यासारखं केलं की येऊन टिपतात. कोमट पाण्यात मऊ करून पण बघा. काहींचं आठवड्यात होतं, काहींना वर्ष लागतं, मोठ्या वयाच्या पक्ष्यांना जास्त.

इथे दोन ठिकाणी नवीन माणूस हमखास फसतो. एक, बियांची टरफलं. पोपट बी सोलून आतलं खातो आणि टरफल परत वाटीत पडतं, वरून बघितलं तर वाटी भरलेली, आत एक दाणा नाही. रोज फुंकर मारून बघा. दोन, पेलेटचा चुरा. चुरा पडलाय म्हणजे खातोय असं वाटतं, तो नुसता खेळत असतो. खरं काय ते काटा आणि शी सांगणार.

भाज्या कोणत्या, आणि काय चुकूनही नाही

गडद रंग बघून घ्या. गाजर, रताळं (शिजवलेलं), लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची यातून अ जीवनसत्त्वाची सोय होते. केल, ब्रोकोली, कोथिंबीर असं गडद हिरवं रोज काहीतरी. पालक चालतो पण रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. काकडी, आइसबर्ग लेट्यूस म्हणजे जवळपास पाणीच. तिखट मिरची खुशाल द्या! मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या ज्या रिसेप्टरला (संवेदना पकडणाऱ्या प्रथिनाला) लागून आग होते (त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं) तो पक्ष्यांमध्ये असा आहे की त्याला कॅप्सेसिन जाणवतच नाही. बिया पण असतात आत, त्यामुळे बी खाणाऱ्या पक्ष्याला पहिली भाजी म्हणून मिरची कधीकधी मस्त चालून जाते. फक्त त्याने ती खाऊन तुमच्या गालावर चोच घासली तर तुमचं तुम्ही बघा.

कडधान्यं नीट शिजवून किंवा नीट मोड आणून, कोरडी कच्ची नाही. फळ म्हणजे गोड, रोज एखादा छोटा तुकडा पुरे, सफरचंदाच्या बिया काढून, पीच-चेरीसारख्यांची कोय काढून.

आणि हे कधीच नाही: ॲव्होकॅडो (त्यातलं पर्सिन नावाचं विष पक्ष्याचं हृदय बंद पाडतं), चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारट तळलेलं, साखरेचं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारा एक असतोच.

खाण्याबरोबर ऊन पण हवं. ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते तयार करणारे यूव्हीबी किरण जवळजवळ अडकलेले असतात. पिंजऱ्यासकट, अर्धी सावली ठेवून, तुमच्या नजरेसमोर थोडा वेळ बाहेर.

बियांना कामाला लावा

बिया वाटीतून कमी झाल्या की त्या फेकायच्या नाहीत, त्या आता पगार आहेत. हातावर चढला, एक सूर्यफूल. काट्यावर उभा राहिला, एक. शिकवायला पुढे धरलेल्या काडीच्या टोकाला चोच लावली, एक. वाटीत ढीग पडलेला असताना कोणता पक्षी तुमच्यासाठी काम करेल?

शिवाय त्यांना काम आवडतं. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सेनने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की समोर फुकट खाणं असताना पण प्राणी बरेचदा कष्टाने मिळणारं निवडतात, आणि नंतर हे पोपटांमध्ये पण बघितलं गेलं. पोपटांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे, २००७ मध्ये गेला, तो पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग आणि सहापर्यंत आकडे सांगायचा. असल्या डोक्याला दिवसभर एक वाटी आणि एक आरसा देऊन बसवलं तर तो पिसं उपटणार नाही तर काय करणार. कागदाच्या पुडीत पेलेट बांधा, पुठ्ठ्याच्या नळीत भाजी कोंबा, पाच-सहा ठिकाणी थोडं थोडं लपवा. सुरुवातीला पुडी अर्धी उघडी ठेवा, नाहीतर परत तेच, त्याला कळणारच नाही की हे फोडायचं असतं.

व्हेटकडे कधी पळायचं

पिसं फुगवून दिवसभर एका जागी बसलाय, दांडीवरून उतरून तळाशी बसलाय, श्वास घेताना शेपूट वर-खाली हलतंय, चोच उघडी ठेवून श्वास घेतोय, उलटी होऊन डोक्याची पिसं चिकट झालीत, काळी डांबरासारखी शी, किंवा वजन दहा टक्क्यांनी उतरलं. यातलं एक जरी दिसलं तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी. जाईपर्यंत उबदार, शांत, अर्ध्या अंधारात ठेवा, आणि खाणं बदलायचं चालू असेल तर ते सोडून त्याला सगळ्यात आवडणारी बियांची वाटी समोर ठेवा. जाताना वजनाची वही आणि पिंजऱ्यातला शेवटचा कागद सोबत न्या, डॉक्टर आधी तेच मागतील. वर्षातून एकदा साधी तपासणी तर हवीच, आणि बऱ्याच वर्षांचा बियांवरचा पक्षी दत्तक घेतला असेल तर खाण्याला हात लावायच्या आधी त्याचं लिव्हर कसं आहे हे रक्ताच्या तपासणीतून बघून घ्या, कारण ते थकलेलं असेल तर हे सगळं अजून हळू, डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे करावं लागतं.